आनंदाचा हिशेब

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलले तसंच उतरवलं आहे. मधली चहाची सुट्टी तेवढी गाळली आहे.)



मला दिलेला विषय फळ्यावर लिहिलाय : 'मोठं होताना, आणि जगण्यातले छोटे आनंद'. तो वाचून मागचे दोघं-तिघं हसले. एक जण शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "हा तर दिवाळी अंकाचा विषय." कान माझे अजून शाबूत आहेत. आणि तो बोलला ते खोटंही नाही. हा विषय आजवर ज्यांनी लिहिला त्यांच्या अंगणात पारिजात होता, ओसरीवर झोपाळा होता, आजोळी आमराई होती, आणि हे सगळं आठवत बसायला दुपारची सवड होती. आपल्याला अंगणच नव्हतं, तर पारिजात सांडणार कुठे? तेव्हा आपल्या पोरांनी ठरवून टाकलं, की आनंद हा पांढरपेशांचा प्रांत. आपल्या वाट्याला अत्याचार, मोर्चा, निवेदन. आणि कविता लिहिलीच तर तिच्यात आग पाहिजे, नाहीतर ती आपली नाही.

मला हे मान्य नाही. जमीन त्यांच्या नावावर, विहीर त्यांच्या नावावर, देऊळ त्यांच्या नावावर. आता आनंदाचा सातबाराही आपण आपल्याच हाताने त्यांच्या नावावर चढवायचा? कोणत्या आनंदात?

म्हणून मी हा विषय घेतला. आणि माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना बिडी ओढायला बाहेर जायचंय ते मोकळे. म्हणणं असं : आपला एकही आनंद कधी छोटा नव्हता. छोटा असता तर त्याच्यावर लाठ्या घेऊन माणसं धावून आली नसती. मोठं होणं म्हणजे आपल्या प्रत्येक आनंदाची किंमत कोणी भरली हे कळणं. आणि कळल्यावर तो आनंद टाकून न देता, ताठ मानेने घेणं.

आधी पुरावा देते. १९३६ साली बाबासाहेबांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी एक भाषण लिहिलं. मंडळवाल्यांना ते पचेना. परिषदच रद्द झाली. न झालेलं भाषण बाबासाहेबांनी स्वतःच्या खर्चाने छापलं. तेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. तुम्ही त्यातला शास्त्रांवरचा हल्ला पाठ करता, पाठ केलाच पाहिजे. पण सुरुवातीची पानं पुन्हा वाचा. तिथे तत्त्वज्ञान नंतर येतं, आधी तूप येतं.

जयपूर संस्थानातल्या चकवारा गावात एक अस्पृश्य माणूस तीर्थयात्रा करून आला. त्याने आपल्याच जातभाईंना जेवण घातलं, आणि पानात तूप वाढलं. झालं! पंगत बसलेली असताना शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन आले, अन्न नासवलं, जेवणाऱ्यांना झोडपलं. गुन्हा काय? अस्पृश्याने तूप वाढलं, अस्पृश्यांनी ते खाल्लं. कोणाच्या बापाचं तूप होतं? त्याच्या स्वतःच्या पैशाचं.

त्याच पानांत अहमदाबाद जिल्ह्यातलं झानू गाव आहे. साल १९३५. तिथल्या जरा बऱ्या परिस्थितीतल्या अस्पृश्य बायका पाणी आणायला धातूची भांडी वापरायला लागल्या, म्हणून त्यांना मारलं. त्याच्या आधी, १९२८ साली, इंदूर भागातल्या बलाई लोकांना गावांनी हुकूम सोडले : जरीकाठाचा फेटा बांधायचा नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी सोन्याचांदीचा दागिना घालायचा नाही.

तूप. हंडा. फेटा. धोतराचा काठ. आता बोला, हे दिवाळी अंकातले छोटे आनंद आहेत की नाहीत? पण गावाने त्यांची यादी केली, एकेका वस्तूपुढे शिक्षा लिहिली. आपल्या पोटात काय आहे यापेक्षा आपल्या चेहऱ्यावर काय आहे, याच्यावर त्यांची नजर जास्त होती. उपाशी महार त्यांना चालत होता. खुशीतला महार चालत नव्हता.

जुनं झालं म्हणाल, तर नवं घ्या. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत एका दलित तरुणाला ठार केलं. मोबाईल वाजला आणि त्याची रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची होती, त्यावरून भांडण उकरलं गेलं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. काही सेकंदांचं गाणं. २०१८ साली उत्तर प्रदेशात कासगंज जिल्ह्यातल्या निजामपूर गावी एका तरुणाला आपल्या लग्नाची वरात ठाकुरांच्या वस्तीतून न्यायची होती. त्यासाठी त्याला कोर्टापर्यंत चपला झिजवाव्या लागल्या, आणि अखेर वरात निघाली ती पोलिसांच्या बंदोबस्तात. घोड्यावर बसायला बंदूकधारी लागतात या देशात. आणि आपलं पोरगं म्हणतं, आनंद हा काय विषय आहे!

आता लहानपणाकडे येते. पण माझ्या आधी एका दुसऱ्या मुलाचं लहानपण सांगते. ही गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने. साल १९०१. साताऱ्यात राहणारी चार पोरं, त्यांतला भीमराव नऊ-दहा वर्षांचा. वडील दूरच्या गावी सरकारी कामावर खजिनदार. त्यांनी पत्र पाठवलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत इकडे या. पोरांना काय हर्ष झाला असेल! नवे अंगरखे शिवले, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं. आगगाडीत बसायचं ते अप्रूप वेगळंच. मित्रांनो, आत्मचरित्र लिहायला बसलेला तो केवढा माणूस, परदेशातल्या पदव्या, कायदेपंडित. पण चाळीसेक वर्षांचा झाल्यावरही त्याला टोपीवरची जर आठवते, धोतराचा काठ आठवतो. का आठवतो? कारण त्याच दिवशी त्या काठाची किंमत कळली.

मसूर स्टेशनावर उतरले. न्यायला कोणी आलं नव्हतं, पत्र वेळेवर पोचलंच नव्हतं. स्टेशनमास्तरने आधी प्रेमाने चौकशी केली. पोरांचे कपडे बघून त्याला वाटलं, चांगल्या घरची आहेत. 'चांगल्या घरची' याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. मग पोरांच्या तोंडून महार शब्द निघाला आणि मास्तरचा चेहराच बदलला. बैलगाडीवाला कोणी तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही अशा अटीवर, की गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. रात्र झाली. डब्यात जेवण भरपूर होतं, पण पाणी नव्हतं. नाक्यावरच्या माणसाने पाणी दिलं नाही. भरला डबा जवळ ठेवून पोरं उपाशी झोपली, कारण पाण्याशिवाय घास उतरत नाही.

या गोष्टीत लोकांना अपमान दिसतो. मला आधी सुट्टी दिसते. लहान पोराची सुट्टी, पहिली आगगाडी, नवी टोपी. जातीने त्या पोराकडून पाणी काढून घेतलं हे खरंच. पण त्याची सुट्टीही काढून घेतली. हा दुसरा गुन्हा कोणत्या कायद्यात लिहिलाय? पुढे २० मार्च १९२७ ला हाच मुलगा महाडच्या चवदार तळ्यात उतरला आणि ओंजळभर पाणी प्याला. त्यावर कोर्टकचेरी चालली ती १९३७ पर्यंत. तेव्हा कुठे मुंबई हायकोर्टाने निकाल आपल्या बाजूने दिला. एका ओंजळीला दहा वर्षं. मला कोणी विचारलं, छोटा आनंद म्हणजे केवढा, तर मी म्हणते, ओंजळीएवढा.

माझं लहानपण वरळीच्या चाळीत गेलं. तिसरा मजला, मधे अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. खोलीत आम्ही सात जण; शिवाय गावाकडून नोकरी शोधायला आलेला कोणी ना कोणी आठवा. आता मुंबईत चाळीच्या आठवणींचं पीक आलंय. चाळीतली आपुलकी, चाळीतलं शेजारपण, म्हणून गळे काढतात. ज्यांनी सकाळी सहाला डबा हातात धरून संडासच्या रांगेत पोट आवळलंय, त्यांनी गळा काढला तर मी ऐकीन. बाकीच्यांनी गप बसावं. २०२५ साली वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या काही कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या बायकांनी पहिल्यांदा स्वतःच्या संडासचं दार आतून लावलं असेल. तो आनंद ज्याला छोटा वाटतो, त्याने आठ दिवस रांगेत उभं राहून दाखवावं.

पण आनंद होता. खोटं कशाला बोलू? बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला लागायची. पॅसेजमध्ये रेडिओ एकच, एका रेल्वेतल्या काकांचा. काका दार उघडं ठेवायचे, आवाज मोठा करायचे आणि वीस खोल्यांतलं पोरगं न् पोरगं भिंतीला पाठ लावून बसायचं. कुणी सुकट भाजली की वासावरून कळायचं कुणाच्या घरी पाहुणा आलाय. वजडी शिजायची रविवारी. आई ती चुन्याच्या निवळीत धुऊन, खरवडून, दोन तास शिजवायची. वर लसणाचं वाटण. वास यायचा म्हणून दुसऱ्या वस्तीतले नाक दाबायचे. त्यांनी नाक दाबलं, तरी आमच्या जिभेचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते २०१५ साली, बैलाच्या कत्तलीवर बंदीचा कायदा लागू झाला तेव्हा. त्याच वर्षी शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं. आपल्या चुलीवरची भांडी पुस्तकात मांडली त्यांनी, लाज न बाळगता. एका हाताने सरकारने पातेलं उचललं, दुसऱ्या हाताने आपल्या माणसाने त्याची कृती लिहून ठेवली. याला म्हणतात आनंद सांभाळणं.

आणि जयंती. नवे कपडे आम्हाला दिवाळीला नव्हते, चौदा एप्रिलला होते. आठ दिवस आधीपासून बा घड्या घातलेला पांढरा सदरा उशाखाली घेऊन झोपायचा, इस्त्रीचे पैसे वाचावेत म्हणून. रात्री निळे बल्ब लागायचे. कव्वाल्यांचे सामने चालायचे पहाटेपर्यंत, आणि गायन पार्टीतला पेटीवाला दिवसा गोदीत हमाली करायचा. त्या रात्री तो हमाल नसायचा.

बा गिरणीत होता, रिंग खात्यात. मला लहानपणी वाटायचं, बाला तेच काम आवडत असणार. मोठी झाल्यावर कळलं, खातं आवडीने मिळत नसतं. विणकामात पगार जास्त. पण धोट्यात धागा ओवताना तो तोंडाने ओढावा लागायचा, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. म्हणून आपल्या माणसांना विणखात्याचं दार बंद. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्यासमोर ठेवला होता. माझा आजा त्याच काळात गिरणीत लागला, रिंग खात्यात; आजाच्या मागे बदली म्हणून बा तिथेच चिकटला. म्हणजे बघा, थुंकीने पगार ठरवला, पगाराने खोली ठरवली, खोलीने माझं लहानपण ठरवलं.

पण त्याच बाचा एक आनंद होता. पगाराच्या दिवशी तो मला इराण्याच्या हॉटेलात न्यायचा. संगमरवरी टेबल, एक ब्रून मस्का दोघांत, आणि त्याला एक चहा. तो चहा फुंकून फुंकून पाव तास प्यायचा. मला कंटाळा यायचा. एकदा मी म्हटलं, "बा, लवकर पी की." तर म्हणाला, "गावाला हाटेलच्या वळचणीला आपली कपबशी खोचल्याली असायची. आपणच काढायची, आपणच इसळायची, वरनं च्या ओतायचा त्यो. हितं त्या सायबानं पिलेल्या कपातच मला देतो इराणी. मग सावकाश नको प्यायला?" मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. मला त्यातलं ब्रून मस्का एवढंच कळलं होतं. बाकीचं कळायला वीस वर्षं लागली. मोठं होणं ते हेच. चव तीच राहते, कपाखालचा इतिहास दिसायला लागतो.

१९७४ चा जानेवारी आला. वरळीत दंगल पेटली. भागवत जाधव गेला, रमेश देवरुखकर गेला. त्यांची नावं तुम्हाला पाठ आहेत. मी तेव्हाचं पोराच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. आम्हाला खाली जायची बंदी होती. गॅलरीत डोकवायची बंदी होती. तर आम्ही पोरी पॅसेजमध्ये फुटलेल्या काचा गोळा करून काचापाणी खेळायला लागलो. एवढ्या रंगीत काचा आम्हाला कधीच मिळाल्या नव्हत्या. हिरव्या सोडावॉटरच्या बाटलीच्या, तपकिरी औषधाच्या बाटलीच्या. आईने पाहिलं. मला वाटलं, मार बसणार. ती नुसती म्हणाली, "बोट कापून घेऊ नका." आणि दाराला आडणा लावून दाराशीच बसली, हातात मुसळ. आम्ही खेळतोय आणि ती राखण करतेय. पुढे मी क्रांतीवरची बरीच पुस्तकं वाचली. दाराशी मुसळ घेऊन बसून पोरींचा खेळ चालू ठेवणारी बाई त्यांत कुठे सापडली नाही.

हिचाही एक आनंद होता : हंडा. भिशीच्या पैशातून घेतलेला पितळी हंडा. शनिवारी चिंच आणि राख लावून ती तो घासायची, मग त्यात तोंड बघायची. झानूच्या बायकांची गोष्ट तिला कोणी वाचून दाखवली नव्हती. पण तिच्या आईने गावच्या विहिरीशी मडकं घेऊन, कोणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून उन्हात तासन्‌तास काढले होते. हंडा का घासायचा, हे तिला पुस्तकातून कळायची गरज नव्हती.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. मार्चमध्ये माझी दहावीची परीक्षा. बाचा पगार बंद, इराणी बंद, रविवारची वजडी बंद. पावसाळा लागायच्या आत हंडा गहाण पडला, तो परत आला नाही. त्याच्या जागी प्लास्टिकची कळशी आली. आई ती कधी घासायची नाही. म्हणायची, "ह्याच्यात काय दिसतंय?" संप कोणी मोडला, कोणी विकला, गिरण्यांच्या जमिनींवर कोणाचे टॉवर झाले, यावर तुम्ही परिसंवाद घ्या, मी ऐकायला येईन. माझ्यापुरता त्या संपाचा अर्थ असा : एका बाईला तोंड बघायला पितळ उरलं नाही.

मी बारावी झाले, सिद्धार्थ कॉलेजात सकाळचे वर्ग धरले. बाबासाहेबांनी १९४६ साली हे कॉलेज काढलं ते आपल्यासारख्यांसाठीच. पोटाची नोकरी करून शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग. दुपारी मी एका कचेरीत टायपिंग करायचे. पहिला पगार आईच्या हातात दिला आणि विचारलं, "आई, तुला काय आणू?" मला वाटलं, हंडा म्हणेल. नाहीतर लुगडं. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "एक दिस मला पान्याला उठवू नगंस."

आमच्या मजल्यावर पाणी चढायचं नाही. पहाटे चारला खाली जाऊन भरून तीन मजले वर आणायचं. बावीस वर्षं ती उठत होती. त्या रविवारी मी पाणी भरलं, आठ खेपा. ती सात वाजेपर्यंत गोधडीत होती. झोपली नव्हती, डोळे मिटून नुसती पडली होती आणि नळाचा आवाज, कळश्यांचा आवाज, बायकांची भांडणं ऐकत होती. ज्या आवाजात तिची हाडं झिजली तो आवाज पहिल्यांदाच ती अंथरुणातून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी नाव देत नाही. देता येत नाही.

त्या खोलीत माझे दोन भाऊ होते. दोघे चळवळीत. जयंती कमिटीत, मोर्च्यात, पत्रकं वाटण्यात पुढे. बावीस वर्षांत त्यांतल्या एकालाही कळशी उचलावीशी वाटली नाही. मी माझ्या भावांना शिव्या देत नाहीये. ते चांगले होते, मार खाल्लेले होते. मी तुमच्याकडे बोट दाखवतेय. डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. सांगितलं, तुमची जात तुमच्या लुगड्यावरून, दागिन्यांवरून ओळखली जाते. त्या खुणा टाका, घोट्यापर्यंत लुगडं नेसा. बायकांनी लगेच नेसून दाखवलं. तेव्हा पुरुषांनी बायकांच्या नेसणीचा अभिमान मिरवला. पण ते नेसून ती नळावरच गेली ना? जातीने आपल्या आनंदाचा हिशेब ठेवला म्हणून आपण तिला जाळायला निघतो. मग घरातल्या बाईच्या आनंदाचा हिशेब कोण ठेवतंय? ठेवायचाच नाही, असं ठरलंय का?

आता दोन इशारे, आणि संपवते.

पहिला इशारा बाजाराचा. आज आनंद दुकानात मिळतो. हप्त्यावर मोबाईल, हप्त्यावर गाडी, जयंतीला लाखाचा डीजे. कर्णे एवढे की गाण्यातला शब्द ऐकू येत नाही. ज्या गाण्याच्या चार सेकंदांसाठी पोराचा जीव गेला, त्या गाण्याचे शब्द आपणच डीजेत बुडवतोय. डीजे बंद करा असं मी म्हणत नाही. तुम्ही ऐकणारही नाही. मी म्हणते, शाहीर ऐकू येऊ दे. विकत घेतलेला आनंद आणि लढून मिळवलेला आनंद यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याला कोणीही विकत घेईल.

दुसरा इशारा आपल्या कडक कार्यकर्त्यांना. हसलं की चळवळ ढिली होते, असं यांना वाटतं. सिनेमा पाहिला की भांडवलशाही, प्रेमात पडलं की पळपुटेपणा. बाबांनो, ज्याच्या फोटोखाली तुम्ही हे बोलता त्या माणसाने न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा काढून जुनी पुस्तकं जमवली होती. १९१७ साली ती घेऊन येणारी बोट पाणतीराने बुडाली, तरी नाद सुटला नाही. दादरला घर बांधलं, राजगृह, ते पुस्तकांना जागा पाहिजे म्हणून. उतारवयात हातात व्हायोलिन घेऊन शिकायला बसला. संविधान लिहिणाऱ्या हाताला व्हायोलिन चालतं आणि तुमच्या हाताला फूल चालत नाही? रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला गेला. त्याला विज्ञानावर लिहायचं होतं, कार्ल सेगनसारखं. ताऱ्यांचं वेड होतं त्याला. आपण त्याचा फोटो मोर्च्यात नेला, न्यायलाच पाहिजे होता. पण आपल्या किती वस्त्यांत त्यानंतर एखादी दुर्बीण आली? ज्या पोराला तारे बघायचे होते त्याचं स्मारक गच्चीवरही होऊ शकतं. वर्गणी काढा. मी पहिली देते.

लोक म्हणतात, छोट्या छोट्या गोष्टींत समाधान मानावं. समाधान 'मानायचं' हा उपदेश आपल्याला तीन हजार वर्षं झाला. शिळं मिळालं, मान. उतरलेलं मिळालं, मान. मी मानायला सांगत नाही, मी घ्यायला सांगते. तूप वाढून घ्या. काठाचं नेसा. चहा सावकाश प्या. घोड्यावर बसायचं असेल तर बसा, आणि बसायचं नसेल तर तुमच्या मर्जीने बसू नका. आणि घेताना एवढं बघा, की आपल्या घोटामागे घरातलं कोणी तहानलेलं नाही ना.

आज रात्री जेवणानंतर इथे गाणी आहेत असं कार्यक्रमपत्रिकेत लिहिलंय. ऐंशी ताटं, सहा पातेली. मी संयोजकांशी बोलले आहे : भांडी मुलगे घासतील. राख-साबण मागच्या मोरीपाशी ठेवलाय, आणि पितळ असेल तर चिंच लागते. मुली पुढे बसतील; ढोलकी आधी त्यांच्या हातात जाईल. येत नसेल तर बेसूर वाजवा. पोरींनो, बेसूर वाजवायचा हक्कसुद्धा अजून आपण कोणाकडून घेतलेला नाही.

जयभीम.